राखाडी पाकिटापलीकडे

क्षयाचा जंतू तासाभरात पकडणारे 'ट्रूनॅट' यंत्र बंगळुरूच्या बिगटेक लॅब्सने विकसित केले आणि गोव्याच्या मोलबायोने बाजारात आणले. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली, कोविडकाळात ते तालुक्यांपर्यंत पोचले. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या क्लॅमिडियाच्या वाट्याला मात्र असे भाग्य अजून आलेले नाही. सरकारी 'सुरक्षा क्लिनिक'चा भर आजही लक्षणे पाहून पाकीट देण्यावर आहे: राखाडी पाकिटात अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम. औषध मोफत आणि लगेच हाती पडते, हा या पद्धतीचा गुण नाकारता येणार नाही. पण क्लॅमिडिया झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना लक्षणेच नसतात. त्यांना पाकीट देणार कोण? उलट, अंगावरून पांढरे जाते म्हणून आलेल्या एखादीच्या पोटात विनाकारण प्रतिजैविके जातात. तीही याच औषधांनी ज्यावर उपचार होतो, त्या गनोरियाचा जंतू औषधांना जुमानेनासा झालेला असताना!

उपदंशाचे त्या मानाने बरे, व्हीडीआरएलची रक्तचाचणी स्वस्त आहे. क्लॅमिडियाला मात्र ट्रूनॅटसारखी पीसीआरच्या जातीची चाचणी लागते. नमुना लघवीचा किंवा बाईने स्वतःच घेतलेल्या स्वॅबचा चालतो, म्हणजे लाजेचा अडसरही कमी. खासगी प्रयोगशाळांत ही सोय आहे. पण कपड्यांच्या कारखान्यात शिवण मारणारीला तिथले दर कसे परवडायचे? कर्नाटक सरकारने बंगळुरूच्या वाणीविलास रुग्णालयातील गरोदर स्त्रियांच्या तपासणीपासून ही चाचणी मोफत सुरू करावी, आणि बाधित स्त्रीच्या नवऱ्यालाही त्याच खेपेस बोलवावे.