माकड मेलं, तर कळवा

काजूचा हंगाम लागला की दोडामार्ग-बांद्याकडच्या बागांत सकाळपासून वाकलेली माणसं दिसतात. गळून पडलेला बोंडू उचलायचा, पिळून बी वेगळी करायची, टोपलीत टाकायची आणि पुढच्या झाडाखाली सरकायचं. पायाखाली वाळक्या पानांचा घोट्याएवढा पातेरा असतो. त्या पातेऱ्यात खसखशीच्या दाण्याएवढी गोचिडीची पिल्लं माणसाच्या किंवा जनावराच्या अंगाची वाट बघत असतात. माकडताप इथून सुरू होतो. नावात माकड असलं, तरी माणसाला तो देते ती गोचीड.

लेप्टोस्पायरोसिस या आजारात भातखाचरातला चिखल जोखमीचा, तर यात पातेरा. दोन्ही ठिकाणी माणूस पोट भरण्यासाठीच उतरतो.

या तापाची ओळख पटली ती १९५७ साली. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडं आणि वानरं मरून पडू लागली. त्याच वेळी आसपासच्या गावांत माणसं तापानं फणफणत होती. हा पीतज्वर तर नाही ना, ही तेव्हाची सर्वांत मोठी धास्ती होती. कारण पीतज्वरातही माकडं मरतात आणि भारतात तो कधीच शिरलेला नव्हता. पुण्यात पाच वर्षांपूर्वी सुरू झालेल्या विषाणू संशोधन केंद्राचं पथक तिथे पोचलं. आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था ती हीच. संचालक टेलफर्ड वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणू वेगळा केला. तो पीतज्वराचा नव्हता. रशियातल्या, गोचिडीमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचा तो नातेवाईक निघाला. हे काम करताना केंद्रातल्या काही कर्मचाऱ्यांनाही या तापानं गाठलं. ती किंमत आपण विसरलो आहोत.

पुढच्या दहा-बारा वर्षांत त्या मंडळींनी शोधलं नाही असं फार थोडं उरलं. मुख्य वाहक हिमाफायसालिस स्पिनिजेरा ही गोचीड. माणसाला चावतात ती बहुधा तिची पिल्लं. पावसाळा सरल्यावर ती वाढतात, म्हणून तापाचा काळ डिसेंबर ते मे. माणसापासून माणसाला तो होत नाही. मोठी झालेली गोचीड गुरांच्या रक्तावर पोसते आणि रानात अंडी घालते. गाई-म्हशी आजारी पडत नाहीत, पण गोचिडींची संख्या मात्र वाढवतात. संशोधक होर्हे बोशेल यांनी १९६९ मध्ये मांडलं, की जंगल तोडून शेती आणि चराई आत शिरली, तेव्हा रानातल्या रानात फिरणारा हा विषाणू माणसापर्यंत पोचला. अलीकडच्या अभ्यासांतही धोका जास्त दिसतो तो जंगल, बागायत आणि चराई एकमेकांत मिसळतात अशा जागी. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना अशा जागा दरवर्षी वाढत आहेत.

कित्येक दशकं हा ताप कर्नाटकातल्या मोजक्या जिल्ह्यांत राहिला. मग वायनाड, मग गोव्यातलं सत्तरी, २०१६ मध्ये दोडामार्ग, पाठोपाठ बांदा. गोव्यात झालेल्या अभ्यासात काजू बागेतलं काम हीच जोखीम म्हणून नोंदली गेली. शंभर रुग्णांत साधारण तीन ते पाच दगावतात. खास औषध नाही. रुग्णाला सांभाळणं, पाणी कमी पडू न देणं आणि रक्तस्रावावर लक्ष ठेवणं एवढंच हाती असतं.

वैद्यकीय लेखांत ‘जोखमीचे घटक’ म्हणून यादी असते: जंगलात जाणं, लाकूडफाटा आणणं, गुरं चारणं, काजू वेचणं. मला ही यादी वाचताना अस्वस्थ व्हायला होतं. सिगारेट सोडा म्हणावं, तसं काजू वेचणं सोडा म्हणता येत नाही. दोडामार्गकडच्या एका बाईंना मी विचारलं, हंगामात रानात जायची भीती वाटत नाही का? त्या म्हणाल्या, ‘‘रानात गेलंव नाय तर खातलंव काय?’’ गोचीड चावू नये म्हणून अंगाला लावायचं तेल मिळालं होतं, पण घामाबरोबर ते उतरतं, असं त्यांनी सांगितलं. उन्हात आठ तास वाकून काम करणाऱ्या अंगावर टिकेल असं तेल, चालताना अडकणार नाही असा पायमोजा, न वाकता बोंडू गोळा करायचं साधन, पातेरा कधी आणि किती काढावा याचं उत्तर: हेही संशोधनच आहे. विषाणूच्या जनुकांवर जेवढी मेहनत झाली, तिचा लहानसा वाटाही या प्रश्नांना मिळालेला नाही. मला हा अन्याय वाटतो.

लशीचंही तेच. कर्नाटकात १९९० पासून लस दिली जात होती. तिथल्या अभ्यासात दोन मात्रांनी सुमारे ६२ टक्के आणि वर्धक मात्रेनंतर सुमारे ८३ टक्के संरक्षण दिसलं. पण पुन्हा पुन्हा टोचून घ्यायची, तीही दुखणारी. वर्धक मात्रेला माणसं फिरकत नसत. पुढे तिची ताकदच कमी पडते आहे असं दिसलं आणि ती बंद करावी लागली. नव्या लशीवर काम चालू आहे. ती येईल तेव्हा रोजंदारी न बुडवता बागेतच टोचून घेता आली पाहिजे. त्याची आखणी आजच व्हायला हवी.

तोवर आपल्या हातात एक फुकटची सूचना आहे, आणि ती माकडच देतं. माणसांच्या आधी बहुतेकदा माकडं मरतात. मेलेल्या माकडाचं अंग गार पडलं की गोचिडी उतरून भोवतालच्या जमिनीवर पसरतात. म्हणून तिथे पन्नास मीटरच्या परिसरात कीटकनाशक पावडर टाकायची असते. ही वेळ चुकली, तर पुढचा रुग्ण तिथूनच येतो. मेलेलं माकड पुरून टाकणं किंवा ओढ्यात लोटणं म्हणजे ही खबर पुसून टाकणं.

सिंधुदुर्गातल्या आणि सत्तरीतल्या वाचकांनो, बागेत मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, त्याच दिवशी आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला कळवा. घरी आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ करा, कपडे वेगळे धुवा. आणि त्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत ताप आला, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आधी सांगा, की मी काजूत गेलो होतो.