केसकर, सिलोन आणि आपले अर्धवट स्मरणरंजन (थ्रेड)

१/८
रेडिओचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : बा. वि. केसकरांनी चित्रपटगीते बंद केली आणि रेडिओ सिलोनने आपल्याला वाचवले. हे वाक्य सोयीचे आहे, पण अर्धेच खरे आहे.

२/८
केसकर १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले. आकाशवाणीवर चित्रपटगीतांचा वेळ घटला, निवेदनातून चित्रपटांची नावे वगळली गेली. तेव्हा निर्मात्यांनीच गाणी वाजवण्याची परवानगी काढून घेतली. गाणी थांबली ती दोघांच्या हट्टापायी.

३/८
लाभ झाला समुद्रापलीकडच्या कोलंबोचा. तेथे सैनिकांसाठी उभारलेला शक्तिशाली शॉर्टवेव्ह प्रक्षेपक होता. ३ डिसेंबर १९५२ रोजी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सायानींचा आवाज मुंबईत मुद्रित होई, फीत कोलंबोला जाई आणि तेथून लहरींवर स्वार होऊन भारतात परते.

४/८
यातील विसंगती पाहा. रेडिओ बाळगण्यास सरकारी परवाना लागे, त्याचे शुल्क भरावे लागे. शुल्क दिल्लीला आणि कान कोलंबोला! श्रोत्यांनी मोर्चा काढला नाही, केवळ काटा फिरवला.

५/८
केसकरांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि आकाशवाणी संगीत संमेलन त्यांच्याच काळातले. अभिजात कलावंतांना त्यांनी मोठे व्यासपीठ दिले. परंतु एका संगीताला आश्रय देण्यासाठी दुसऱ्याला अस्पृश्य ठरवण्याची गरज नव्हती.

६/८
अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ आली, ‘पंचरंगी कार्यक्रम’ म्हणून. मंत्री तेच होते. ही उदारता नव्हे, श्रोत्यांपुढे पत्करलेली माघार होती.

७/८
पण आपण, नंदुरबारकरांनी, येथेच टाळ्या वाजवून थांबू नये. त्या पाच रंगांची भाषा हिंदी होती. भिली, पावरी, मावची, अहिराणी बोलणाऱ्याच्या आवडीचे काय? वाद रंगला तो राग श्रेष्ठ की चित्रपटगीत, एवढ्यावरच. सातपुड्यातील ढोल आणि पावा या वादात पक्षकारही नव्हते. केसकरांना दोष देणारे आपण तरी त्यांची आठवण कुठे ठेवतो?

८/८
म्हणून विनंती. या उन्हाळ्याच्या सुटीत गावी जाल तेव्हा आजी-आजोबांना विचारा : घरात किंवा गावात पहिला रेडिओ कधी आला? काय ऐकत होता? आपल्या बोलीतले गाणे त्यावर कधी लागले का? उत्तरे लिहून काढा, आवाज मुद्रित करा. मंत्र्यांचे निर्णय दप्तरात सुरक्षित आहेत, श्रोत्यांची साक्ष मात्र त्यांच्याबरोबरच संपते आहे.