मनिऑर्डर थांबली, बाजारही बसला

मुंबईच्या कापड गिरण्यांचा विषय निघाला की चर्चा होते लालबाग-परळची आणि गिरण्यांच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरांची. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा या जिल्ह्यांतील खेड्यांच्या बाजाराचे काय झाले, याचा हिशेब फारसा मांडला जात नाही. व्यापारी व कारागीर बांधवांनी तो मांडायला हवा.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. हजारो कामगार गावी परतले आणि पुष्कळांना पुन्हा काम मिळाले नाही.

कोकणातली शेती प्रामुख्याने पावसाळी भाताची. घर चालायचे मुंबईच्या मनिऑर्डरीवर. किराणा दुकानदार उधारी द्यायचा ती गिरणीतला पगार पाहून. शिंप्याची शिलाई, सुताराचे दरवाजे-खिडक्या, गवंड्याची मजुरी, बांगडीवाल्याची विक्री हे सारे त्याच पैशावर चालायचे. पगार थांबला तशी आधी कापडखरेदी थांबली, मग घरदुरुस्ती लांबणीवर पडली आणि शेवटी दुकानदाराच्या वहीतली उधारी बुडाली.

कापड विणणे मात्र थांबले नव्हते. ते भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळले. तेथे मजुरी कमी, प्रॉव्हिडंट फंडाची शाश्वती नाही आणि बरेचसे कामगार उत्तर प्रदेश-बिहारचे. धंदा राहिला, पण कोकणाकडे येणारा पैशाचा ओघ आटला.

हा इतिहास आज आठवण्याचे कारण आहे. कोकणातील अनेक मुस्लिम घरे आखाती देशांतील कमाईवर चालतात. मनिऑर्डरीऐवजी पैसा बँकेतून येतो, एवढाच फरक. गावचा बाजार आजही बाहेरच्या एकाच पगारावर उभा आहे. तेथील नोकऱ्या घटल्या, तर पहिला फटका आपल्याच गल्ल्याला बसेल.

म्हणून पैसा येत आहे तोवरच तो कामाला लावावा. सगळी बचत बंगल्यात घालण्यापेक्षा थोडी काजू प्रक्रिया, कोकम, मासळी टिकवणे किंवा सुतारकामाच्या यंत्रांत घालावी. दुकानदाराने उधारीला मर्यादा घालावी. कारागिराने गावाबाहेरचे गिऱ्हाईकही जोडावे. गिरणी बंद होताना खेड्यातल्या दुकानदाराला कोणी विचारले नव्हते. पुढेही कोणी विचारणार नाही. तजवीज आपली आपणच केली पाहिजे.