मुख्याध्यापकातला अध्यापक

'मुख्याध्यापक' या शब्दाची फोड केली तर त्यात 'मुख्य' हे विशेषण आहे आणि 'अध्यापक' हे नाम. आपल्या व्यवस्थेने विशेषण जपले आणि नाम गमावले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होऊ नये. शालेय नेतृत्वाची चर्चा हल्ली नियोजन, समन्वय, निर्णयक्षमता अशा गुणांच्या यादीपाशी येऊन थांबते. हे गुण निरुपयोगी नाहीत. पण ते कारखान्याच्या व्यवस्थापकालाही लागतात. शाळेच्या प्रमुखाला त्याहून वेगळे काय लागते? आमच्या मते, त्याने वर्गात शिकवणे सोडता कामा नये. बाकीचे बरेचसे गुण त्यातूनच येतात.

१८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. चिपळूणकर, टिळक, आगरकर ही नावे आपल्याला पाठ असतात. या शाळेचे सुपरिंटेंडेंट असलेले वामन शिवराम आपटे मात्र बहुतेकांना कोशकार म्हणूनच ठाऊक असतात. संस्कृत रचनेवरचे त्यांचे विद्यार्थ्यांसाठीचे पुस्तक १८८१ चे. कोश निघाला १८९० मध्ये, तेव्हा ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते. कारभार आणि विद्या ही दोन्ही कामे एकाच माणसाने एकाच काळात केली. विद्यार्थी नेमका कोठे अडतो हे पाहिल्यावाचून असे पुस्तक लिहिता येत नाही.

नेतृत्वाला पद लागतेच असेही नाही. साने गुरुजी अंमळनेरला १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते, मुख्याध्यापक नव्हते. वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांनी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक चालवले. ते काढा, असा आदेश कोणत्याही परिपत्रकाने दिला नसता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. 'उपस्थिती असमाधानकारक' असा शेरा मारून मोकळे होणे सोपे होते. त्यांनी शाळाच मुलांमागे नेली. मूल का येत नाही, हा प्रश्न ज्याचा मुलांशी रोजचा संबंध आहे त्यालाच पडतो.

आता आजची स्थिती पाहू. खाजगी शाळांसाठीच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीने मुख्याध्यापकपद प्रामुख्याने सेवाज्येष्ठतेवर ठेवले. संस्थाचालकांच्या मर्जीला त्यामुळे लगाम बसला, हे मान्यच केले पाहिजे. पण ज्येष्ठता वर्षे मोजते, वृत्ती नव्हे. दुसरीकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुख्याध्यापकाचे स्वतंत्र पद पटसंख्येशी जोडले: पहिली ते पाचवीसाठी दीडशेहून अधिक, सहावी ते आठवीसाठी शंभरहून अधिक मुले. लहान गावातल्या शाळेत मग एखादा शिक्षकच प्रभारी होतो. तो शिकवतो खरा. पण पोषण आहाराचा हिशेब आणि यू-डायसची माहिती यांतून उरेल तेवढ्या वेळात. मोठ्या शाळेत पद आहे, पण शिकवणे सुटले आहे. लहान शाळेत शिकवणे आहे, पण उसंत नाही. दुखणी दोन आहेत, म्हणून उपायही दोन हवेत. लहान शाळांना, निदान चार-पाच शाळांत मिळून एक, लिपिक द्यावा. मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापकाने रोज एक तास घ्यावा आणि तोही शक्यतो जी तुकडी कोणाला नको असते तिच्यावर.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल की बैठक लागली की सर्वांत आधी बुडतो तो मुख्याध्यापकाचाच तास. हे खरे आहे, आणि नेमके तेथेच त्याची परीक्षा आहे. 'माझा तास आहे, नंतर येतो' असे वरिष्ठांना सांगण्याचे धैर्य हा नेतृत्वाचा गुण कोणत्याही प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत नसतो. सहकाऱ्याचा पाठ पाहून लॉगबुकात शेरा लिहिण्याचा नैतिक अधिकारही त्यातूनच येतो. ज्याच्या हातचा खडू सुटला, त्याच्या शेऱ्याखाली शिक्षक सही करतात. तो मनावर घेत नाहीत.

महाविद्यालयात आमच्यासमोर येणारी मुले याच शाळांतून येतात. प्रथम वर्षाच्या वर्गात एखादा प्रश्न टाकावा आणि सगळ्या माना खाली जाव्यात, हा अनुभव कोणाही प्राध्यापकाला नवा नाही. त्याचे खापर एकट्या मुख्याध्यापकावर फोडणे अन्यायाचे ठरेल. पण शाळेत प्रश्न विचारण्याला प्रतिष्ठा आहे की मुकाट बसण्याला, हे शाळेचा प्रमुख आपल्या वागण्यातून ठरवत असतो. आणि मुलांना ते दिसण्यासाठी तो त्यांच्या वर्गात तरी यायला हवा.