तोतया खाकीला बक्कल नंबर विचारा

एटापल्लीत खाकीची भीती जुनी आहे. जंगलाचा गार्ड येवो की पोलीस, आपला माणूस आधी हात जोडतो, मग विचारतो काय झालं. वसुलीवाल्यांना हे बरोबर ठाऊक. म्हणून ते दारात ओरडतात, "ठाण्यातून आलोय, आत टाकीन!" कोण बे तू? बक्कल नंबर सांग, कागद दाखव!

मी म्हणतो, बायांनो, हप्ता थकणं गुन्हा नाही. कंपनीला पैसा हवा तर तिने दिवाणी कोर्टात जावं. तिथल्या वसुलीच्या हुकमावरही बाईला अटक होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम ५६. खरंच ऐपत नसलेल्याला कर्जापायी तुरुंग नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८० सालीच सांगितलं. गटाच्या कर्जाचा तगादा सकाळी ९ च्या आधी, संध्याकाळी ६ नंतर लावायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम. आणि पोलिसाचं सोंग घेणाऱ्याला? भारतीय न्याय संहिता, कलम २०४: सहा महिने ते तीन वर्षं कैद, वर दंड.

म्हणजे गुन्हेगार दाराबाहेर उभा आहे, आत नाही. खऱ्या ठाण्याचीही धास्ती वाटते ना? मग एकटी जाऊ नका, दहा जणी जा. तक्रार लेखी द्या, पोच घ्या.

कर्ज फेडू. भीतीचा हप्ता बंद!