राजवंशांची नावे : व्युत्पत्ती आणि दावा

मध्ययुगीन राजवंशाचे नाव कोठून आले, असा प्रश्न पडला की आपण त्या वंशाची उत्पत्तिकथा वाचतो आणि बहुधा तेथेच थांबतो. माझ्या मते हा क्रम उलटा असावा. प्रथम नावाचे सर्वांत जुने लिखित रूप पाहावे. कथेकडे त्यानंतर वळावे.

चालुक्यांचेच उदाहरण घ्या. ब्रह्मदेवाच्या ओंजळीतील पाण्यातून, म्हणजे ‘चुलुका’तून, या वंशाचा मूळपुरुष जन्मला, अशी कथा आहे. ती कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी असलेल्या बिल्हणाने अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात सांगितली. परंतु बदामी येथील पहिल्या पुलकेशीच्या इ.स. ५४३च्या शिलालेखात नावाचे रूप ‘चलिक्य’ असे आहे. आधीपासून रूढ असलेल्या नावाला पाच शतकांनंतर संस्कृत शब्दाचा आधार शोधला गेला, असेच यावरून म्हणावे लागते.

देवगिरीच्या यादवांची गोष्ट याहून बोलकी आहे. कन्नड लेखांत त्यांना ‘सेवुण’ म्हटले आहे. दृढप्रहाराचा पुत्र सेउणचंद्र याने सेउणपूर वसवले आणि त्याच्याच नावावरून प्रदेशाला सेउणदेश म्हणू लागले. म्हणजे हे नाव एका राजाशी आणि भूमीशी बांधलेले आहे. ‘यादव’ हे नाव मात्र कृष्णाच्या द्वारकेकडे बोट दाखवते. तेराव्या शतकात हेमाद्रीने राजप्रशस्तीत हीच वंशपरंपरा मांडली. लक्षात घेण्याजोगी बाब अशी, की यादवांचे प्रतिस्पर्धी होयसळ हेही स्वतःला यदुवंशीय म्हणवीत आणि ‘द्वारावतीपुरवराधीश्वर’ हे बिरुद मिरवीत. रणांगणावर परस्परांशी लढणारी दोन्ही घराणी प्रशस्तीत मात्र एकाच कुळाचा वारसा सांगत होती.

मग अशा कथा टाकून द्याव्यात काय? मुळीच नाही. त्या वंशाच्या उगमाविषयी थोडे सांगतात; पण त्या रचल्या गेल्या त्या काळाविषयी पुष्कळ सांगतात. सत्तेला प्रतिष्ठा कोठून मिळत होती, कोणते पूर्वज हवेसे वाटत होते, हे त्यांतूनच कळते. व्युत्पत्ती हा उगमाचा पुरावा मानला तर आपली फसगत होते. तो दावा मानला तर इतिहास उलगडतो.

हा विवेक केवळ परीक्षेपुरता नाही. आजही आडनावांच्या आणि गावांच्या नावांच्या व्युत्पत्ती अभिमानापोटी सांगितल्या जातात आणि पुनरुक्तीने खऱ्या ठरतात. आपल्या परिसरातील अशी एखादी व्युत्पत्ती ऐकाल, तेव्हा स्वतःला तीन प्रश्न विचारा : ती प्रथम कोणी सांगितली? केव्हा सांगितली? आणि तिच्यामुळे कोणाचा मान वाढला?