पोळ्याचं इंग्रजी

परवाची गोष्ट. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंची मुलगी बी.कॉम. झाली आणि तिला एका कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. "सर, थोडी प्रॅक्टिस घ्या ना," म्हणत संध्याकाळी समोर येऊन बसली. मी निवृत्त मास्तर. स्वतः मराठी माध्यमातून बी.ए., पण जन्म गेला मराठी शाळेत इंग्रजी शिकवण्यात. पहिला प्रश्न मुद्दाम सोपा टाकला. म्हटलं, तुमच्याकडच्या एखाद्या सणाबद्दल इंग्रजीत सांग. पोरगी ताठ बसली आणि घडाघडा सुरू झाली. ख्रिसमस! पंचवीस डिसेंबर, झाड, चांदणी, केक, सांताक्लॉज, मोज्यातली भेटवस्तू. व्याकरणाची एक चूक नाही.

"तुमच्या घरी नाताळ करतात का गं?"

"नाही सर. शाळेत तोच निबंध होता."

"अगं, दरवर्षी मामाच्या गावी पोळ्याला जातेस ना? तो सांग की."

ती गप्प. मग हळूच म्हणाली, "पोळ्याचं इंग्रजी येत नाही, सर."

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण तो निबंध मी चांगलाच ओळखत होतो. तिच्या शाळेत मी कधी शिकवलं नाही, पण माझ्या शाळेत वर्षानुवर्षं मीही तोच फळ्यावर लिहून देत होतो! गाइडमध्ये तयार असायचा, वाक्यं सोपी, तपासायलाही सोपा. पोळ्यावर लिहायला सांगायचं तर आधी मला ते इंग्रजी जुळवावं लागलं असतं. तो आळस माझा होता. तो मी 'इंग्रजी भाषेबरोबर इंग्रजांचे रीतिरिवाजही यायला हवेत' या भारदस्त वाक्याखाली झाकून ठेवला.

आणि ते रीतिरिवाज तरी मला कुठे येत होते? प्लम पुडिंग म्हणजे आलुबुखाऱ्याची खीर असं मी पोरांना बिनदिक्कत सांगितलेलं आहे. त्यात आलुबुखारा नसतो, मनुका-बेदाणे असतात, आणि ती खीर तर नसतेच. वाफवलेला गच्च गोळा असतो. बॉक्सिंग डेला इंग्लंडात मुष्टियुद्धाचे सामने होतात, हेही माझंच संशोधन! खरं म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी नोकरचाकरांना, पोस्टमनला 'बॉक्स' द्यायची ती पद्धत. म्हणजे आपली दिवाळीची पोस्त. हा एक शब्द वापरला असता तर चाळीस पोरांना अर्ध्या मिनिटात कळलं असतं.

आता कोणी म्हणेल, सर, तुमचा जमाना गेला. गेला खरा, पण काय आलं ते बघा. २००० सालच्या जूनपासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं, आणि हळूहळू गल्लीगल्लीत 'इंग्लिश मीडियम'च्या पाट्या लागल्या. बालभारतीच्या पुस्तकांत आपल्याकडचे विषय असतात, ते नाकारत नाही. माझं भांडण त्या पुस्तकांबाहेर जे चालतं त्याच्याशी आहे. ऑक्टोबरात हॅलोवीन, डिसेंबरात सांता, आणि पालकांना चिठ्ठी की उद्या पाल्याला लाल ड्रेसमध्ये पाठवा. याच बाईंनी धाकट्यासाठी तो ड्रेस भाड्यानं आणला होता. पोराला 'हो हो हो' करता आलं म्हणजे इंग्रजी वातावरण झालं!

याच्या उलट टोकाची मंडळीही दर डिसेंबरला जागी होतात. मुलांना सांता करू नका, परकीय सण शाळेत नको, वगैरे. त्यांच्या पंगतीत मला कृपा करून बसवू नका. नाताळ हा परका सण नाही. आपल्या सदरमध्ये चर्च आहेत, मराठी ख्रिस्ती कुटुंबं आपल्या शेजारी पिढ्यान्पिढ्या राहतात, रेव्हरंड टिळकांची भजनं मराठीत आहेत. 'नाताळ' हा शब्दसुद्धा इंग्रजी नव्हे, पोर्तुगीजांकडून आलेला. गोव्यात त्या दिवशी नेवऱ्या करतात, म्हणजे आपल्या करंज्याच. तेव्हा नाताळ हा शेजाऱ्याचा सण म्हणून जरूर शिकवा. दोन्हीकडच्या मंडळींनी तो परस्पर इंग्रजांच्या नावावर चढवून टाकला आहे, तक्रार त्याबद्दल आहे.

गंमत बघा. नागपुरात इंग्रजी शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत स्टीफन हिस्लॉप हे नाव मोठं. १८४५ साली इथे आलेला हा पाद्री, ज्याच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून आहे. तो स्कॉटलंडचा. आणि स्कॉटलंडच्या कडक प्रॉटेस्टंट मंडळींना नाताळचा थाटमाट मान्यच नव्हता. तिथे २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली ती १९५८ साली! ते सजवलेलं झाड जर्मनांचं, व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडात रुजलेलं. तो लाल पोशाखातला सांता अमेरिकेत वाढलेला. मग आपण 'ब्रिटिश परंपरा' म्हणून नेमकं शिकवतो तरी काय?

खुद्द ब्रिटिशांना विचारा. तिथलं नागरिकत्व घ्यायचं तर 'लाइफ इन द यूके' नावाची परीक्षा २००५ पासून द्यावी लागते. तिच्या सरकारी पुस्तकात सणांची यादी आहे. त्यात ख्रिसमस, ईस्टर आहेतच, पण दिवाळी, ईद, वैशाखीही आहेत. लेस्टर शहरातल्या दिवाळीचा खास उल्लेख आहे. म्हणजे दिवाळी त्यांच्या पुस्तकात गेली आणि आमची पोरगी मुलाखतीत ख्रिसमस सांगते आहे.

मी इंग्रजांचे सण शिकवू नका म्हणत नाही. उलट नीट शिकवा म्हणतो. पाच नोव्हेंबरची गाय फॉक्स नाइट घ्या. १६०५ साली या माणसानं आणि त्याच्या साथीदारांनी राजासकट पार्लमेंट दारूगोळ्यानं उडवायचा बेत केला आणि तो पकडला गेला. त्या दिवशी त्याचा पुतळा करून जाळतात. पूर्वी पोरं तो पुतळा घेऊन दारोदार पैसे मागायची. लुईस नावाच्या गावी तर चालू काळातल्या पुढाऱ्यांचेही पुतळे जाळतात. नागपूरकर मंडळी, काही आठवतंय का? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, ईडापिडा घेऊन जा अशी हाक देत लोक तिला गावाबाहेर नेतात. सोबत बडगे असतात, महागाईपासून भ्रष्टाचारापर्यंत सगळ्यांची हजेरी घेणारे. त्याच दिवशी तान्हा पोळा. लाकडी बैल घेऊन पोरं घरोघर जातात आणि बोजारा मिळवतात. काळी मारबत तर इंग्रजांशी हातमिळवणी केल्याबद्दल बांकाबाईच्या निषेधाची, असं जुनी माणसं सांगतात. हे दोन सण शेजारी शेजारी ठेवून एक तास घ्या. इतवारीतलं कुठलंही पोर गाय फॉक्स जन्मात विसरणार नाही, आणि मारबत इंग्रजीत सांगायलाही शिकेल.

इंग्रजीत ते सांगता येत नाही असं म्हणाल, तर तेही खोटं. हिस्लॉपनं गोंडांची गाणी गोळा केली, ती त्याच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये इंग्रजीत छापली गेली. १९१६ मध्ये रसेल साहेब आणि आपले रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड लिहिले, त्यात कुणब्यांच्या पोळ्याचं वर्णन आहे. साहेबाला पोळा इंग्रजीत लिहावासा वाटला. आमच्या शाळांना शंभर वर्षांनंतरही वाटत नाही.

असो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. म्हटलं, बैलापासून सुरू कर. बैल, अंघोळ, शिंगं, रंग, घुंगरू, सगळे शब्द तिला येतच होते की! खांदेमळणीला जरा अडली, मग हळद आणि तूप म्हणून पुढे सरकली. तोरणाखाली बैल उभे केले, झडत्या झाल्या, पोळा फुटला. 'फुटला'ला काय म्हणायचं यावर आमची दहा मिनिटं गेली. आत ओट्याशी पोळ्या लाटणारी तिची आई मध्येच हात पुसत बाहेर आली आणि दारात उभी राहिली. इंग्रजी तिला येत नाही, पण मधेमधे 'पोळा' ऐकू येत होतं.

"सर, झुलीला काय म्हणू?" पोरीनं विचारलं.

मी शब्दकोश काढायला उठलो, आणि पुन्हा बसलो. म्हटलं, झूलच म्हण. मग ती कशी असते ते त्यांना सांग.